मोत्यांची टोपली आणि शेवग्याची परी

डोंगराच्या कुशीत, जिथे सकाळचं ऊन सगळ्यांत शेवटी पोहोचायचं, तिथल्या एका इवल्याशा घरात मंजुळा आणि तिची आई राहत होत्या. आई अबोली-शेवंतीच्या वेण्या करून बाजारात विकायची. पण त्या वर्षी तिला मोठा ताप आला. ताप गेला खरा, पण जाताना आईची सगळी ताकद घेऊन गेला. तिचे गाल पांढरेफटक पडले, नखं फिकट झाली. नुसतं उठून बसलं तरी तिला धाप लागायची. वेण्या बंद झाल्या आणि चूल एक दिवस पेटायची, एक दिवस नाही.

शेजारच्या चंद्राकाकू रोज डोकावून जायच्या. मनाने प्रेमळ, पण बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत.

"अगं पोरी, आजाऱ्याला साबुदाण्याची पेज द्यावी. कशी मऊ, हलकी, मोत्यासारखी! वाटीभर पोटात गेली ना, की आई टुणकन उठेल बघ."

"पण काकू, साबुदाणा आणू कुठून?"

"तेच तर! माझाही डबा पालथा पडलाय गं राणी," म्हणत काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला.

घरामागच्या बागेत एक शेवग्याचं झाड होतं. गल्लीतली माणसं आकडीने शेंगा ओढून न्यायची आणि खाली पडलेला पाला काकूंच्या शेळीपुढे टाकायची. एका सकाळी मंजुळाला दिसलं, की कुणीतरी ओढता ओढता एक फांदी अर्धी मोडली आहे. फांदी सालीला धरून लोंबत होती आणि तिची चिमुकली पानं मलूल झाली होती.

"किती दुखत असेल गं तुला!" मंजुळा म्हणाली. तिने ओली माती कालवून जखमेवर लिंपली. बांधायला काही नव्हतं, म्हणून आपल्या वेणीची लाल रिबीन सोडली, फांदी उचलून धरली आणि घट्ट बांधली. तिच्याकडे तेवढी एकच रिबीन होती.

तोच झाडावरचा पांढऱ्या फुलांचा झुबका झगमगला. त्यातून नखाएवढी एक परी उतरली. तिचा झगा गोल गोल, नाजूक पोपटी पानांचा होता आणि पंखांवर दवाचे थेंब लुकलुकत होते.

"माझं घर वाचवलंस तू," परी किणकिणत्या आवाजात म्हणाली. "माग, काय हवं ते. पण माझ्या वराला नियम आहेत हं. मी तुला एक टोपली देईन. ती कधी रिकामी होणार नाही, पण तीत एकच वस्तू भरेल, तू मागशील ती. दारात जो येईल त्याला त्यातलं ओंजळभर द्यायचं. आणि मन बदललं, तर ती वस्तू कायमची परत करायची. पुन्हा कधी मिळणार नाही."

मंजुळाला विचार करावाच लागला नाही. "साबुदाणा दे, परीताई! माझी आई बरी होऊ दे."

परीने एकवार शेवग्याच्या पानांकडे पाहिलं. मग तिने पंख हलवले आणि मंजुळाच्या हातात वेताची टोपली आली, पांढऱ्याशुभ्र टपोऱ्या दाण्यांनी काठोकाठ भरलेली!

त्या दिवसापासून गल्लीत आनंदीआनंद झाला. मंजुळा आईला पेज करून भरवायची आणि येईल त्याच्या पदरात ओंजळभर दाणे घालायची. कुणाकडे खिचडीचा घमघमाट, कुणाकडे वड्यांचा चर्रचर्र आवाज! चंद्राकाकू तर सगळ्यांना सांगत सुटल्या, "पेजेचं मीच सुचवलं बरं का तिला!"

आईचं पोट भरू लागलं. ती बसून दोन शब्द बोलू लागली. पण गाल पांढरे ते पांढरेच. दारापर्यंत चालली, की भिंतीला धरून उभी राहायची. एकदा तिने हौसेने वेणी करायला घेतली आणि अर्ध्यातच दोरा हातातून गळून पडला.

"राहू दे बाळा," आई हसून म्हणाली. "तू मला उपाशी नाही ठेवलंस, हेच खूप आहे."

ते हसू मंजुळाला बघवेना. टोपली घेऊन ती धावत बागेत गेली.

"परीताई, रागावू नकोस. तू एवढं दिलंस आणि मी पुन्हा तक्रार घेऊन आले. पण आई बरी का होत नाही?"

परीने टोपलीतला एक साबुदाणा दोन्ही हातांनी उचलला आणि हळूच फुंकर घातली. दाणा काचेसारखा आरपार झाला. आत एक पिवळी ज्योत नाचत होती.

"ही ऊब," परी म्हणाली. "हिच्यामुळेच आई बसू लागली. चालायला, खेळायला ही लागतेच."

"आणि बाकी काय आहे आत?"

"बाकी फार थोडं. कंद किसतात, धुतात, गाळतात आणि उरलेल्या पांढऱ्या पिठाचे हे मणी करतात. त्या धुण्या-गाळण्यात बरंच काही वाहून गेलं गं."

मग तिने शेवग्याचं एक पान खुडलं आणि त्यावर फुंकर घातली. अहाहा! त्या टिकलीएवढ्या पानात केवढी दिवाळी! डाळिंबी रंगाची ठिणगी चमकली. "हे लोह, रक्ताला लाली देणारं. आईच्या गालांना हेच हवंय." शेजारी दुधासारखी पांढरी ठिणगी होती, हाडं बळकट करणारी. केशरी ठिणगी डोळ्यांसाठी होती आणि एक रुपेरी धागा सगळ्या पानभर विणलेला होता. "ही प्रथिनं. झिजलेलं अंग यांनीच भरून निघतं."

"आणि आम्ही हे शेळीला घालत होतो!" मंजुळाने डोळे विस्फारले.

"म्हणून तर शेळी भिंतीवर उड्या मारते," परी खुदकन हसली.

"मग साबुदाण्याऐवजी मला हा पालाच दे," म्हणत मंजुळाने टोपली पुढे केली. आता दारात कुणी येणार नव्हतं, कुणी कौतुक करणार नव्हतं. कुंपणापाशी चंद्राकाकू ओरडल्याच, "अगं वेडे, मोती देऊन पाला घेतेस? लोक हसतील!"

"हसू देत काकू. माझी आई उभी राहायला हवी."

टोपली परीच्या स्पर्शाने धुक्यासारखी विरून गेली.

मंजुळाने पाला खुडला, निवडला, धुतला. मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी देऊन भाजी केली. "वरून लिंबू पिळ," परीने कानात सांगितलं, "म्हणजे लोह अंगाला नीट लागेल." भाकरीसाठी काकूंनीच नाचणीचं पीठ आणून दिलं, तोंडाने पुटपुटत का होईना. एक घास चाखला आणि म्हणाल्या, "हं... वाईट नाही." मग आणखी वाढून घेतलं.

आई एका दिवसात बरी झाली नाही. पण रोज थोडी थोडी झाली. आधी धाप कमी झाली. मग नखांवर गुलाबी झाक आली. आणि एका सोनेरी सकाळी आई भिंतीला न धरता, आपल्या पायांनी चालत बागेत आली. टाचा उंचावून तिने स्वतःच पाला खुडला. तिचे गाल पिकल्या बोरासारखे लालसर झाले होते.

परी फांदीवर बसली होती. "मंजुळा, पाला तर झाडावर होताच. त्याला माझी जादू लागलीच नाही. तुझा एक वर अजून बाकी आहे. माग."

मंजुळाने आईकडे पाहिलं. तिला काहीच मागावंसं वाटेना. मग ती म्हणाली, "या झाडाची फांदी कुणीही, कुठेही लावली, तरी ती रुजू दे. प्रत्येक दारात शेवगा होऊ दे."

"तथास्तु, माझ्या गुणी बाळा."

आईने हात जोडले. "परीबाई, तुझे उपकार कसे फेडू?"

"वाढून," परी म्हणाली. "जो भुकेला येईल, त्याला वाढून."

तिच्या पंखांतून हिरवा उजेड उसळला. तो पानापानांतून झिरपला, बागभर पसरला आणि आकाशात मिसळून गेला. झाडाखाली चंद्राकाकू पदर पसरून उभ्या होत्या. आईने पाल्याची पहिली ओंजळ त्यांच्या पदरात घातली.