निवत्या भट्टीतली कुपी

एका राज्यात राजाची झोप फार नाजूक होती. तान्ह्या बाळांच्या रडण्याने ती मोडे. राजाने एका जादूगाराला बोलावले, आणि जादूगाराने राज्यातल्या साऱ्या बाळांचे रडणे एका फुंकरीत उडवून दिले. मोबदला न घेताच तो निघून गेला. लक्षण वाईटच होते.

राजा गाढ झोपला. काच फुंकणारी कुमुदा मात्र झोपेना. तिची तान्ही रेवू भूक लागली की नुसतं तोंड उघडी, आवाज नाही. कळावं कसं? कुमुदा सारखी उठून तिच्या नाकापाशी बोट धरी. श्वास आहे. पुन्हा धरी. आहे.

छपरावर बसलेला नीळकंठ पक्षी म्हणाला, "बाई, रडणं वाऱ्यावर भटकतं आहे. न तडकलेली कुपी मिळाली तरच ते उतरेल. नदीमुखाची वाळू आण, आटल्या तळ्याचा खार आण. तिसरा तुझा श्वास."

"एवढंच?"

"एवढंच," म्हणून पक्षी हसला.

नदीने वाळू दिली, तळ्याने खार दिला. दोन्ही भट्टीत वितळले. मधासारखा रस नळीच्या टोकाला घेऊन कुमुदाने फुंकर घातली. लाल बुडबुडा फुगला, फिरता फिरता कुपी झाला. ती तिने काच हळूहळू निववायच्या भट्टीत ठेवली. ठीक असेल ना? जरा झाकण उचलले. टण्! तडा गेला.

दुसऱ्या वेळी पाहायचं नाही असं ठरवलं. मग एकाच डोळ्याने पाहिलं. टण्!

"गार वारा तिला सोसत नाही," नीळकंठ म्हणाला. "तिच्या गतीने निवू दे."

"निवतेय की फुटतेय, कळणार कसं?"

"नाही कळणार."

तिसरी कुपी भट्टीत गेली, तोच राजा अनवाणी आला. "तान्ह्या युवराजाला विंचू डसला. हात सुजला तेव्हा आम्हाला कळलं. बाई, कुपी झाली का, एकदा उघडून पाहा ना!"

"महाराज, हात मागे घ्या," कुमुदा म्हणाली. "मी माझे मांडीखाली दाबून बसलेय."

दोघे भट्टीकडे पाठ करून बसले. निखाऱ्यांची राख झाली, राख गार झाली.

"आता," पक्षी म्हणाला.

कुपी अखंड होती, पाण्यासारखी हिरवट. वारा तिच्यात शिरला, घुमला, आणि रेवूने टाहो फोडला. मग शेजारच्या घरात, मग वाड्यात, मग साऱ्या नगरात.

त्या रात्री राजा डोळे मिटून ऐकत राहिला. तक्रार केली नाही. कुमुदा मात्र झोपली, रेवूच्या नाकापाशी बोट न धरता.

बरं, एकदाच धरलं.