पहिल्या हाकेला ओ

तुम्ही मघाशी वर खिंडीत थांबून ओरडलात. गंमत म्हणून ओरडलात, ते कळले. पण खालून तीन घरांतून ‘ये’ म्हणून ओ आली, तेव्हा तुम्ही दचकलात. या गावात खिंडीतली हाक वाया जात नाही. हाक कोणाची, हे विचारायचे नाही. पहिल्या हाकेला ओ द्यायची. हे का, ते ऐका आणि मग पुढे जा.

फार जुनी गोष्ट. या गावात हैबती नावाचा शिपाई होता. कुठल्या राजाच्या फौजेत होता ते मला माहीत नाही. कोणी काही सांगतात, कोणी काही. फौज उत्तरेत जायची, एवढे मात्र सगळे सांगतात. खाली भाताची खाचरे दिसतात ना, त्यांचे दगडी बांध त्याने घातले म्हणे. रजेवर आलेला शिपाई पारावर बसतो, मिशा पिळतो. हा पहाटे पहार घेऊन निघायचा. बायको सारजा भाकरी घेऊन बांधावर जायची. मुलगी चिमी बापाच्या खांद्यावर बसून माती तुडवायला सांगायची, आणि तो तिला घेऊन माती तुडवायचा.

तो बोलायचा कमी. रजेवर आला की खिंडीत उभा राहून एकदाच हाक द्यायचा, “हैबती आला!” धाकटा भाऊ मानाजी खालून ओरडायचा, “ये!” मग तो उतरायचा. फौजेत नाव एकदाच पुकारतात, तशी त्याला सवय होती.

एका मोहिमेनंतर फौज परतली, हैबती परतला नाही. सोबत्याने सांगितले, नदीच्या पात्रात पडला, मी डोळ्यांनी पाहिला. देह मिळाला नाही. मग रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला, तेरावा घातला. सारजाचे कुंकू गेले. मानाजीने भावजयीला आणि पुतणीला काही कमी पडू दिले नाही. तो माणूस वाईट नव्हता, हे ध्यानात ठेवा.

हैबती मेला नव्हता. पायाला जखम होऊन दूर पडला होता. कुणा परक्या घरी बरा झाला, आणि लंगडत, मिळेल ते काम करत, पोट भरत, देश ओलांडून आला. किती वर्षे लागली ते कोणी मोजले नाही. दिवस मावळताना तो या खिंडीत पोचला. तिथे बिरू धनगर मेंढ्या वळवत होता. त्याने ओळखले आणि दोन पावले मागे सरला.

“नाईक, तुमचा तेरावा मी जेवलोय.”

“गोड काय होते?”

“लापशी.”

“मग तंबाखू दे. मेलेल्याला चालते.”

बिरू हसला, जवळ बसला. हैबतीने घरचे विचारले. बिरूने सांगितले, चिमीचे लग्न ठरले आहे, मानाजी नीट सांभाळतो, घर सुखात आहे. मग म्हणाला, “एकदम दारात उभे राहू नका. बायामाणसे भितील. इथूनच हाक मारा, ती वर येतील.”

हैबती उठला. छाती भरून त्याने हाक दिली, “हैबती आला!”

खाली सारजा अंगणात होती. तिने आवाज ओळखला. तिच्या हातातली घागर सुटली. ती ओ देणार, तोच मानाजीने तिला अडवले.

“वहिनी, ओ देऊ नका. दिवेलागणीची वेळ आहे. दादाला आपण अग्नी दिलाय.”

“भावजी, त्यांचाच आवाज आहे.”

“भूतही आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावते. त्याला तिसरी हाक मारता येत नाही. दादा असेल तर तिसरी येईल. मग मीच पळत जातो.”

तेव्हा गावात हीच समजूत होती. सगळे आपापल्या दारात उभे राहिले. सगळ्यांनी ऐकले होते. सगळे तिसऱ्या हाकेची वाट पाहत होते.

वर बिरू म्हणाला, “पुन्हा मारा. वारा आडवा आहे.”

“ऐकले त्यांनी,” हैबती म्हणाला. “दारात दिवे घेऊन उभे आहेत. दिसतात मला.”

“मग मारा की आणखी एक!”

“माझ्या घराला मी दोनदा हाक मारत नाही.”

तो बराच वेळ उभा राहिला, असे सांगतात. मग खांद्यावरचे गाठोडे धोंड्यावर ठेवले. “घराची घडी बसली आहे. मेलेला परत आला की पुन्हा उसकटते,” एवढे बोलला आणि आला त्या वाटेने लंगडत निघाला. बिरू मेंढ्या सोडून मागे जाऊ शकला नाही.

सकाळी बिरू गाठोडे घेऊन गावात आला आणि भर पारावर ओरडला, “बहिरे झालात काय रे सगळे?” गाठोड्यात सारजासाठी लुगडे होते आणि चिमीसाठी चांदीचे वाळे. वाळे लहान पोरीच्या पायाचे होते. मानाजी अनवाणी धावला. नदीपर्यंत गेला. नावाड्याने सांगितले, एक लंगडा पहिल्या नावेने उतरला. पलीकडे माग लागला नाही.

मानाजी परत आला, तेव्हा सारजा उठली. ती देवळापुढे बसलेल्या पंचांकडे गेली. बायका तेव्हा पंचांपुढे बोलत नसत. ती बोलली.

“उद्यापासून खिंडीतल्या पहिल्या हाकेला ओ द्यायची.”

एक म्हातारा म्हणाला, “बाई, आणि भूत घरात शिरले तर?”

“शिरू दे. जेवायला वाढीन.”

तेव्हापासून हाच रिवाज. सारजा म्हातारी होऊन गेली. हैबती आला नाही.

आजही गावची फौजेतली पोरे मोटारसायकलवरून येतात, खिंडीत गाडी बंद करतात, नाव पुकारतात, ओ मिळाल्यावरच उतरतात. घरे आता बरीच बंद आहेत. भाताच्या मोसमात माणसे येतात, एरवी चारदोन म्हातारी. परवा भर दुपारी हाक आली. नाव नीट कळले नाही. मी ‘ये’ म्हणून ओ दिली आणि दारात उभा राहिलो. कोणी उतरले नाही. असे होते कधी कधी. आम्ही ताट मांडून ठेवतो.