मथुराबाईंची झोप

एकदा एका वृद्ध वैद्यांना बाजारपेठेतल्या माणिकशेट नावाच्या कापडव्यापाऱ्याने घरी बोलावले. शेटच्या आई मथुराबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. दिवसभर ग्लानी असे, उभे केले तर तोल जाई, आणि नुकतेच न्हाणीघरात पडून कपाळ फुटले होते. वैद्यांबरोबर त्यांचा शिष्यही गेला.

नाडी पाहून झाल्यावर वैद्यांनी उशाशी मांडलेल्या बाटल्या एकेक करून हातात घेतल्या. "हे कशासाठी?"

"बाबा गेले तेव्हा आई सारखी रडायची, म्हणून झोपेचा काढा," माणिकशेट म्हणाला. "त्याने पोट साफ होईना, म्हणून हे रेचक. रेचकाने गळाठा आला, म्हणून हे आसव. ही मात्रा चक्कर येते त्यावर."

"प्रत्येक औषध वेगळ्या वैद्याचं?"

"हो. आईच्या बाबतीत मी कुठे कमी पडलो नाही."

वैद्यांनी नवे काहीच दिले नाही. उलट एकेक औषध हळूहळू कमी करत बंद करायला सांगितले, आणि त्या काळात रोज पाहून जाण्याचे काम शिष्यावर सोपवले. शिष्य मनातून खजील झाला. रोग्याच्या घरून काही न देता परतणे त्याला ठाऊक नव्हते.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. मथुराबाईंचे हात थरथरत, त्या तळमळत. वैद्यांनी काढा आणखी सावकाश कमी केला. मग नजर निवळत गेली. एके सकाळी त्या आधाराशिवाय उठून बसल्या, वाटीभर पेज प्यायल्या आणि सुनेला म्हणाल्या, "हे कुठे गेलेत?"

सुनेने मान खाली घातली. मथुराबाईंना हळूहळू आठवले.

"दहावं झालं? मी होते का गं तिथे?"

"होतात, सासूबाई. बसवलं होतं तुम्हाला."

त्यानंतरचा आक्रोश शेजारपाजारच्यांनीही ऐकला. माणिकशेट धावत वैद्यांकडे आला. "ती पुन्हा रडतेय. तो काढा द्या!"

"नाही," वैद्य म्हणाले. "तुम्ही तिच्याजवळ बसा."

तो गेल्यावर शिष्याला राहवले नाही. "गुरुजी, झोपेत त्या सुखी होत्या. आपण त्यांचं दुःख जागं केलं."

वैद्य म्हणाले, "काढा चुकीचा नव्हता. त्या पहिल्या दिवसांत त्याची गरज होती. गरज सरली, पण तो थांबवायचं कुणाला सुचलं नाही. पुढे औषधाने होणारा त्रास प्रत्येकाला नवा आजार वाटला, आणि थकलेल्या देहावर ओझं चढत गेलं. माणिकशेटने मायेनेच चढवलं ते. आता जे उरलंय, ते तिचं स्वतःचं आहे."

"मग ते बरं कशाने होणार?"

"बहुधा होणार नाही. माझ्याजवळ त्यावर काही नाही, आणि काही असल्याचा आव मी आणणार नाही."

मथुराबाई पुन्हा पडल्या नाहीत. पण हसल्याही क्वचितच. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्या काठी टेकत स्वयंपाकघरात गेल्या आणि नवऱ्याच्या आवडीचे घारगे तळायला बसल्या. तळता तळता डोळे वाहत होते. माणिकशेट शेजारी येऊन बसला, आणि बाप गेल्यापासून प्रथमच तोही रडला.

शिष्य त्यांना पाहायला आला होता. दारातच थांबून त्याने औषधांची थैली खाली ठेवली, आणि आत जाऊन त्या दोघांजवळ नुसता बसून राहिला.