चाल्कोचं माप

फार मागची गोष्ट. अँडीजच्या डोंगरात, ढगांच्याही वर, एका सरोवराकाठी चाल्को नावाचा पाथरवट राहायचा. त्या मुलखात सरदाराला कुराका म्हणत. कुराका मेला की त्याला पुरत नसत, दगडी बुरुजात बसवत. गुडघे हनुवटीला, अंगावर घोंगड्या, तोंड उगवतीच्या दाराकडे. चाल्कोचे बुरुज खाली निमुळते, वर रुंद. चुना नाही, माती नाही, तरी दोन दगडांत सुरीचं टोक शिरायचं नाही. त्याच्या हाताखाली दगड लोण्यासारखा व्हायचा, असं म्हणतात.

म्हाताऱ्या कुराकानं जिवंतपणीच आपला बुरुज बांधायला सांगितला. चाल्कोनं त्याला गुडघे पोटाशी घेऊन बसवलं, माप घेतलं, दोन घोंगड्यांची जागा वाढवली आणि तेवढंच दार ठेवलं. माणूस बरोबर मोजला. पण वीस गावं एकेक घोंगडी पाठवतील आणि कुणाचीच परत करता येणार नाही, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

कुराका गेला. सगळ्या घोंगड्यांत गुंडाळलेलं त्याचं गाठोडं आलं ते कणगीएवढं! दाराशीच अडलं.

"दार फोड," कुराकाचा मुलगा वायरा म्हणाला.

"फोडतो की, धनी. पण इथला एक दगड काढला तर वरचे सगळे आपल्या डोक्यात."

"रात्रभर बाहेर राहिलेला मेलेला माणूस वाट चुकतो. दिवस मावळायच्या आत बाबा आत बसले नाहीत, तर तू बसशील. जिवंत."

सूर्य पाण्याला टेकायला आला होता. चाल्को गाठोड्यापुढे बसला, मक्याची दारू शिंपडली आणि म्हणाला, "आजोबा, तुमचं माप मी घेतलंय. एवढे जाडे तुम्ही कधीच नव्हता."

मागं कुडकुडत उभी असलेली एक म्हातारी फिसकन हसली. "खरंय बाबा! दोन घोंगड्यांत जन्म काढला मेल्यानं, तिसरी कुणाला दिली नाही!"

चाल्को उठला. वरची घोंगडी सोडली आणि थेट तिच्याच खांद्यावर टाकली. वायरानं हात उगारला, पण तो तसाच राहिला. सूर्य पाण्यावर थांबला होता, असं म्हणतात. मग एकेक घोंगडी सुटली, एकेक उघडा खांदा झाकला गेला. शेवटच्या दोन उरल्या तेव्हा कुराका दारातून अलगद आत सरकला. आणि मगच सूर्य बुडाला.

आजही त्या गावात कुणी वारलं की जमलेल्या घोंगड्या बुरुजापाशी आणतात. घरातला थोरला विचारतो, "चाल्कोचं माप किती?"

"दोन!" सगळे म्हणतात. आणि उरलेल्या घोंगड्या, जो कुडकुडत आला असेल त्याच्या अंगावर जातात.