नळी आणि दस्ता

फार जुनी गोष्ट आहे, म्हातारे मात्र अजून तसेच आहेत. एका बंदुकीच्या नळीत शिशाच्या गोळ्या झाडून झाडून शिशाचा थर बसला होता. तिचा जीव घुसमटत होता. "आता तांब्याच्या कवचाची गोळी भरताय, तर आधी गज फिरवून मला आतून साफ करा. नाहीतर मी फुटेन," ती बंदुकीच्या मालकाला म्हणाली.

तिच्या मागचा, खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता हसला. "पोरी, तांब्याची गोळीच जाताना शिसं खरवडून नेते. आमच्या काळापासून हेच चालत आलंय."

"आजोबा, तुमच्यातून कधी एक तरी गोळी गेलीय का?"

"उलटून बोलू नकोस."

गोळी सुटली, शिशात अडली आणि नळी उभी चिरली. दस्त्यावर साधा ओरखडाही उमटला नाही. नवी नळी बसवली, तेव्हा तो तिला म्हणाला, "आधीची फार उद्धट होती."