तीन तांब्यांच्या नेपतीची कहाणी

ऐका नेपतीमाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, वेशीबाहेर उजाड माळ होता. माळावर नेपतीची झुडपं होती. पान नावाला नाही, काटा बोटाबोटाला. तिथं गोदू धनगरीण राहत असे. तिचा एक वसा होता. नेपतीची हिरवी फळं खुडावीत, मडक्यात मिठाच्या पाण्यात घालावीत. तीन दिवस रोज पाणी बदलावं, कडू पाणी झाडाच्याच बुडाशी ओतावं. तोवर फळ चाखू नये.

एके दिवशी राणी माळावर आली. तिनं फळ तोडलं, तसंच चावलं. तोंड कडूजहर झालं. राणीच ती! थुंकली आणि म्हणाली, "उपटा सगळी." मग झुडपं गेली. गोदूच्या खोपटामागचं तेवढं एक उरलं.

पुढं दुष्काळ पडला. माणशी दिवसाला एक तांब्या पाणी मिळू लागलं. त्यातच राजाची लेक तापानं पडली. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली, घास गिळेना. इकडे उरलेलं झुडूप तोडायला शिपाई कुऱ्हाड घेऊन गोदूच्या दारी आला.

गोदू म्हणाली, "बाबा, तीन दिवस थांब. माझ्या नेपतीनं लेक जेवली नाही, तर आधी मला तोड, मग झाड."

शिपाई बसला. पहिल्या दिवशी तिनं आपला तांब्या मडक्यात ओतला. शिपाई हसला, "म्हातारे, प्यायला नाही अन् फळं धुतेस?" दुसऱ्या दिवशी तिचे ओठ फुटले. तांब्या मडक्यातच गेला. म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." तिसऱ्या दिवशी तिला पाणी आणायलाही उठवेना. शिपायाला गहिवरून आलं. "आई, माझा तांब्या घे, पी." गोदूनं तो घेतला, तोही मडक्यात ओतला!

मग शिपायानं एका हातानं मडकं धरलं, एका हातानं गोदूला. दोघं वाड्यावर गेली. लेकीनं एक फळ चाखलं. दुसरं चाखलं. तिसरं खाल्लं नि म्हणाली, "आई, भाकर दे."

राणी रडली. "बाई, कडू फळ नव्हतं, माझी घाई होती. काय देऊ तुला?"

"आधी प्यायला पाणी द्या," गोदू म्हणाली, "मग ती कुऱ्हाड. पुन्हा झाडावर पडायला नको."

राणीनं दोन्ही दिलं. मडक्यातलं पाणी स्वतः नेऊन झाडाला घातलं. पुढच्या चैत्रात मातीत राहिलेल्या मुळांना धुमारे फुटले, माळ लाल फुलांनी भरला.

जशी नेपतीमाई गोदूला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो, कडू दिवस धुऊन काढायला बळ देवो. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचां उत्तरीं, तीन तांब्यांत सुफळ संपूर्ण.