कवडी मांजर आणि बासुंदीची बोटं

एका गावात एक आचारी होता, आणि तो असेपर्यंत त्या गावात कुणी अर्धपोटी उठेल अशी सोयच नव्हती. लग्न असो, बारसं असो, गावजेवण असो, रांधायला तोच आणि वाढायलाही तोच. पाहुण्याने पानावर आडवा हात धरून "पुरे, पुरे!" म्हटलं की याला उलट जोर चढायचा. "माझ्या गळ्याची शपथ, एवढी एकच वाटी!" असं म्हणत तो त्या पाहुण्याच्या बोटांच्या फटीतून बासुंदी ओतायचा. बासुंदी हा त्याचा जीव की प्राण. सकाळी चुलीवर चढवलेलं दूध तो संध्याकाळपर्यंत स्वतः आटवायचा, कढईच्या कडेची साय बोटांनी खरवडून पुन्हा आत सोडायचा. आपली बासुंदी न आवडणारा माणूस अजून जन्माला यायचाय, अशी त्याची पक्की खात्री होती.

बायको फार लवकर गेली होती. एकुलत्या एका मुलीला त्याने आईच्या मायेने वाढवलं. जेवताना तिच्या पानाशी बासुंदीची वाटी ठरलेली. ती वाटी घेऊन परसात जास्वंदीखाली जाऊन बसायची आणि थोड्या वेळाने रिकामी वाटी आणून द्यायची. रिकामी वाटी बघून आचाऱ्याचा ऊर भरून यायचा.

वैशाखात मुलीचं लग्न झालं. निघताना तिने आपली पांढरीशुभ्र मांजर बापाच्या ओंजळीत ठेवली. मांजरीचं नाव कवडी.

"सासरी दारात दोन कुत्री आहेत, बाबा. हिला नेता येत नाही. नीट सांभाळा. दिवाळीला येईन तेव्हा मला ही अशीच गुबगुबीत दिसली पाहिजे."

"अगं, आचाऱ्याच्या घरातली मांजर ही! फुगून दारातून आत येईनाशी होईल," बाप म्हणाला आणि डोळे पुसत वळला.

घरात आता वाढायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा सगळा आग्रह कवडीच्या वाट्याला आला. सकाळी दूध, दुपारी दूधभात, संध्याकाळी साय. पण श्रावण सरेपर्यंत कवडीची दशा बघवेनाशी झाली. मानेवरचे केस झडले. कानामागे खाजवून खाजवून तिने रक्त काढलं. बशी पुढे केली की ती हुंगायची आणि तोंड फिरवून बसायची.

"हिला नजर लागलीय," शेजारीण म्हणाली आणि मीठमोहऱ्या ओवाळून गेली. "ताजं लोणी चारा," पाटलीणबाईंनी सांगितलं. कुणी पनीर सुचवलं, कुणी तुपातला शिरा. आचाऱ्याने सगळं केलं. अहो, एकदा तर त्याने खव्याच्या इवल्या इवल्या गोळ्या वळल्या आणि मांजरीपुढे केळीच्या पानावर मांडल्या, भोवती रांगोळीसुद्धा काढली! कवडीने रांगोळीवरून चालत जाऊन कोनाड्यात अंग चोरलं.

"भारी नखरेल आहेस बाई तू," आचारी म्हणाला खरा, पण त्याने तिला उचलून छातीशी धरलं. हाताला तिच्या बरगड्या लागत होत्या. दिवाळीला लेकीला काय तोंड दाखवायचं, आणि त्याआधीच ही गेली तर या घरात कुणाशी बोलायचं, या विचाराने तो अर्ध्या पानावरून उठू लागला.

शेवटी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी तो कवडीला उपरण्यात गुंडाळून कोळीणमावशीकडे गेला. ती नदीची मासळी विकायला बसायची आणि तिच्या पाटीभोवती चार-पाच मांजरं कायम घुटमळत असायची, एकजात तुकतुकीत.

मावशीने कवडीचे कान पाहिले, मान पाहिली. "काय काय घालतोस हिला?"

आचाऱ्याने यादी सुरू केली. ती संपेपर्यंत मावशीची तीन गिऱ्हाइकं उरकली.

"बाबा रे," ती म्हणाली, "हे नखरे नव्हेत. हिला काहीतरी बाधतंय. तोंडाने सांगता येत नाही, म्हणून तोंड फिरवते. पण रोज दहा जिन्नस घातल्यावर कुठला बाधतोय ते कळणार कसं? आता सहा बाजार एकच जिन्नस द्यायचा. नुसती उकडलेली मासळी, काटे काढून. मीठ नाही, हळद नाही, तूप नाही. आणि दूध तर मुळीच नाही."

"मांजराला दूध नाही?" आचारी दचकलाच. "मग मांजर कशाची ती?"

"ते तिला विचार. मला काय विचारतोस?"

आता बघा, आचाऱ्याच्या सोवळ्या स्वयंपाकघरात आजवर मासळीचं नाव कुणी काढलं नव्हतं. लोकांनी नाकं मुरडली. पण त्याने परसात जास्वंदीखाली तीन दगडांची चूल मांडली. पूर्वी तिथे मुंग्यांमुळे पाय ठेवता येत नसे. हल्ली त्या कुठे गेल्या कोण जाणे. तो मडक्यात मासळी उकडायचा, काटे काढायचा, आणि मग आंघोळ करून कामाला लागायचा. मीठ न घालता काही शिजवणं म्हणजे त्याला पाप केल्यासारखं वाटायचं. फोडणीच्या पळीकडे हात आपोआप जायचा, आणि तो स्वतःच स्वतःच्या हातावर चापट मारायचा.

कवडी ती मासळी खाऊ लागली. पण तीन बाजार झाले तरी खाज काही थांबेना.

"मावशी, तुझा उपाय फसला," आचारी रडकुंडीला येऊन म्हणाला.

मावशी त्याच दिवशी बाजार आटोपून त्याच्या घरी आली आणि ओसरीवर गुपचूप बसून राहिली. दिवस मावळताना आचारी बासुंदीची कढई उतरवून बाहेर आला, पायरीवर टेकला. तोच कवडी शेपटी उभारून धावत आली आणि त्याची बोटं एकेक करून चाटू लागली.

"हे काय?" मावशीने विचारलं.

"हे आमचं रोजचंच," आचारी कौतुकाने म्हणाला. "दिवसभराचा शीण उतरतो बघ माझा."

"आणि बोटांना काय लागलंय?"

आचाऱ्याने बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडांना साय वाळली होती. त्याने हात झटकन मागे घेतला.

"हात धुवून काम भागायचं नाही," मावशी हळूच म्हणाली. "तुझ्या नखांत दूध मुरलंय. तीन बाजार तिला हात चाटू देऊ नकोस."

"मग ती माझ्याकडे येईल कशाला?"

"अरे, ती दुधासाठी येते असं वाटतं होय तुला?"

दुसऱ्या दिवशी आचाऱ्याने राखेने हात घासले, लिंबाने चोळले, आणि पायरीवर बसून दोन्ही हात काखेत दाबले. कवडी आली. तिने कोपराला डोकं लावलं, म्याँव केलं, पुन्हा केलं. हात काही मिळेना, तेव्हा पाठ करून लांब जाऊन बसली. आचाऱ्याला वाटलं, आपल्यासारखा निर्दय माणूस जगात नसेल. पाचव्या दिवशी त्याला राहवेना. "एका बोटाने काय होतंय?" असं म्हणून त्याने करंगळी पुढे केली. कवडीने ती इतक्या मायेने चाटली की तो रडलाच.

दोन दिवसांत कानामागची सुकत आलेली जखम पुन्हा वाहू लागली. आता शंका घ्यायला जागाच नव्हती. आचाऱ्याने कवडीला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "माझी माया मला गोड लागत होती गं. तुला ती टोचत होती, ते मी पाहिलंच नाही."

त्यानंतर त्याने हात पुढे केला नाही. आणि काही दिवसांनी, तो तसाच काखेत हात दाबून बसलेला असताना, कवडी आपण होऊन त्याच्या मांडीवर चढली, दोन गिरक्या घेतल्या आणि घुरघुरत झोपी गेली. तिच्या मानेवर पांढरी लव उगवू लागली होती.

दिवाळीला मुलगी आली. पांढरी गुबगुबीत कवडी तिच्या पायांत घुटमळली तेव्हा बापाला आभाळ ठेंगणं झालं. मुलीला दिवस गेले होते, चेहरा उतरला होता. आचाऱ्याने पान मांडलं, पंचपक्वान्नं वाढली आणि बासुंदीचं पातेलं घेऊन आला. मुलीने मुकाट्याने पानावर आडवा हात धरला.

"माझ्या गळ्याची श..." असं म्हणता म्हणता त्याच्या हातातला डाव हवेतच थांबला. मुलीने तोंड बाजूला फिरवलं होतं. अगदी कवडी फिरवायची तसं.

त्याने पातेलं खाली ठेवलं आणि तिच्याशेजारी बसला. "बाळे, तुला काय खावंसं वाटतंय?"

मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "बाबा, हे तुम्ही मला पहिल्यांदाच विचारलंत. नुसता मऊ भात द्या. वर थोडं मीठ."

"आणि बासुंदी?"

"मला ती कधीच आवडली नाही हो. लहानपणापासून दुधाच्या वासाने पोटात ढवळतं. तुम्ही एवढे दिवसभर राबून करता, मग सांगू कशी?"

"अगं, मग त्या रिकाम्या वाट्या?"

मुलीने खाली मान घालून परसाकडे बोट दाखवलं. आचाऱ्याने जास्वंदीकडे पाहिलं, त्याला मुंग्या आठवल्या, आणि तो हसता हसता रडू लागला.

मग त्याने मऊ भात केला, डावभर वाढला, आणि दोन्ही हात काखेत दाबून समोर बसला. त्याने आणखी घे म्हटलं नाही, शपथ घातली नाही. मुलगी सावकाश जेवली आणि म्हणाली, "बाबा, आणखी थोडा वाढा ना."

त्या आचाऱ्याने जन्मात हजारो पानं वाढली होती. पण लेकीने मागून घेतलेला तो डावभर भात त्याने शीतही सांडू न देता वाढला, आणि कवडी शेजारी बसून त्याच्याकडे बघत होती.

तात्पर्य: वाढणाऱ्याने आपल्या पातेल्यात बघण्याआधी खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं, माया विचारून केली तरच ती अंगी लागते.